आधी दोर बघा, मग रील काढा

पाऊस ओसरला की कोणी ना कोणी विचारतंच, ताई मला पण काहीतरी थ्रिलिंग करायचंय, कुठून सुरू करू? म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग आहे. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सकाळी पाणी सुटतं आणि त्याच पाण्यावर राफ्ट चालतात, म्हणून लवकर पोचावं लागतं. कामशेतला पॅराग्लायडिंग, तिथे कधीकधी अर्धा दिवस टेकडीवर वारा बघण्यातच जातो, पण पायलट आज नाही म्हणाला तर प्लीज वाद घालू नका, पैसे वसूल करायची ही जागा नाही. बंजीसाठी लोक ऋषिकेशला जातात, ८३ मीटरची उडी, मला त्यात फारसा रस नाही कारण त्यात आपण करायचं असं काही उरतच नाही.

माझा जीव रमतो दोरावर. सांदण दरीत पहिल्यांदा रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून कडा उतरायला उभी राहिले, मागे झुकून पाय कातळावर सपाट टेकवायचे असतात आणि शरीर नेमकं उलटं सांगत असतं की कड्याला चिकट. झुकणार तेवढ्यात इन्स्ट्रक्टर दादाने हात धरला. माझ्या कॅरॅबिनरचं, म्हणजे दोर अडकवायच्या कडीचं, स्क्रू लॉक उघडंच होतं! काही न बोलता त्याने ते फिरवून बंद केलं, हार्नेसचं बकल ओढून बघितलं, बिलेचा, म्हणजे आपण घसरलो तर धरून ठेवणारा दोर बघितला आणि मग परत पहिल्यापासून सगळं तपासलं. मागे लाईन लागलेली, लोक ओरडतायत लवकर करा, पण तो ढिम्म हलला नाही. त्या दिवशी मला हा खेळ कळला.

ॲलेक्स होनॉल्ड हा अमेरिकन क्लाइंबर २०१७ मध्ये तिथल्या योसेमिटीमधल्या एल कॅपिटनचा जवळपास ९०० मीटरचा कडा दोराशिवाय चढला, चार तासांच्या आत, तर लोक म्हणतात वेडा आहे. अरे पण त्याआधी तोच रूट त्याने दोर लावून कितीतरी वेळा घोटला होता, अवघड जागी हात कुठे पाय कुठे सगळं पाठ!

आणि आपण ग्रुप निवडताना काय विचारतो, जेवण काय आणि डिस्काउंट किती. विचारा ना, बिलेचा वेगळा दोर आहे का, हेल्मेट सगळ्यांना आहे का, अँकर, म्हणजे दोर जिथे पक्का बांधतात तो आधार, एकच आहे की दोन. समोरचा चिडला तर सरळ घरी या.

रविवारी भाचीला पहिल्यांदा नेतेय. आठ दिवस झाले, रोज रात्री जेवणं झाली की तिला हॉलमध्ये हार्नेस घालून उभी करते आणि डोळे मिटून स्क्रू लॉक बंद करायला लावते.