चित्रपटाचा ‘लुक’ ठरवणाऱ्यांस काही सूचना

आपल्या पहिल्या चित्रपटाची कथा लातूरकडच्या दुष्काळी गावात घडते, ही अभिनंदनीय गोष्ट आहे. मात्र तेवढ्यासाठी लातूरला जाण्याची घाई करू नये. दुपारचे ऊन ओसरीवर नेमके कुठवर येते हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, की आधीच ठरवून टाकलेली निळी-नारिंगी छटा वापरताना मन उगाच खात राहते. त्यापेक्षा पुण्यातल्या वातानुकूलित खोलीत बसून पिंटरेस्ट हे चित्रे जमवण्याचे संकेतस्थळ उघडावे. एक चित्र जपून ठेवले की तशीच ढीगभर चित्रे ते आपण होऊन पुढे करते, आणि कोकणावर चित्रपट योजणाऱ्या शेजारच्या दिग्दर्शकालाही तीच दाखवते, त्यामुळे मराठी चित्रसृष्टीत एकोपा टिकून राहतो.

दुष्काळासाठी हाँगकाँगचा पाऊस निवडावा. वाँग कार-वाय यांच्या ‘इन द मूड फॉर लव्ह’ (२०००) मधल्या अरुंद, ओल्या गल्ल्यांवाचून मूडबोर्ड, म्हणजे दृश्यशैली ठरवण्यासाठी जमवलेल्या चित्रांचा फलक, पुरा होत नाही. १९६२ सालच्या त्या हाँगकाँगचा काही भाग बँकॉकमध्ये चित्रित झाला, कारण लहानपणी पाहिलेले शहर दिग्दर्शकाला हाँगकाँगमध्ये सापडेना. हा तपशील निर्मात्यापासून लपवावा. चौकटीमागे कुणाची तरी आठवण असते असे त्याला कळले, तर तो आपल्याकडेही तशी एखादी मागेल.

कुणी जुने दाखले देईल. दादासाहेब फाळके रविवर्म्यांच्या छापखान्यात काम करून आले होते, बाबूराव पेंटर तर मुळातच चित्रकार, आणि वेशभूषेपासून नेपथ्यापर्यंत सारे आधी कागदावर रेखाटत. (हाताने काढायचे तर आपल्याला काय दिसते आहे हे आधी ठरवावे लागते, हा त्या पद्धतीतला मोठाच दोष.) राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून पुण्यातच आहे, त्यालाही त्रास देऊ नये.

सर्वांत जपायचे ते वर्तमानपत्री छायाचित्रांपासून. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले, त्या काळाची छायाचित्रे चाळण्याचा मोह होईल. पण टँकरभोवतीच्या रांगेत प्लास्टिकच्या घागरी असतात, त्याही भडक निळ्या, पिवळ्या, केशरी, आणि आपण योजलेल्या मातकट दारिद्र्यात त्या मुळीच शोभत नाहीत. कलादिग्दर्शकाला तांब्याचे हंडे आणि मातीचे माठ मागवायला सांगावे. ते कुठून आले हे कोणी विचारत नाही, आणि एखाद्या गावकऱ्याने विचारलेच, तर त्याला गर्दीच्या दृश्यात मागे उभे करावे.

भर बाराच्या उन्हात हाँगकाँगची रात्र उतरत नाही, अशी कुरकुर छायालेखक चित्रीकरणाच्या दिवशी करील. ‘डीआयमध्ये (म्हणजे चित्रीकरणानंतर संगणकावर रंग बदलताना) बघू’ एवढेच म्हणून जेवायला जावे. पुढे मुलाखतीत या दृश्यशैलीची प्रेरणा विचारली गेल्यास मात्र क्षणभर थांबून आजोळचे नाव घ्यावे, आणि ते कोणत्या तालुक्यात येते हे आदल्या रात्री आईला विचारून ठेवावे.