ऑरेंज काउंटीच्या हद्दवाढीचा तो फॉरवर्ड, मुद्द्यामुद्द्याने

ऑरलँडोकडच्या आपल्या ग्रुपांवर तो मेसेज परत फिरायला लागलाय. म्हणणं थोडक्यात असं: नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्लोरिडातल्या ऑरेंज काउंटीच्या (ऑरलँडो सिटी ज्यात येते तो जिल्हा) मतदारांनी ऐच्छिक हद्दवाढीचे, म्हणजे थेट काउंटीखालची जमीन सिटीच्या हद्दीत घ्यायचे, नियम बदलायला होकार दिला आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. आता सिटी न विचारता घरं आत ओढणार, प्रॉपर्टी टॅक्स डबल होणार, मुलांच्या शाळा बदलणार, पुण्याच्या २३ गावांचं झालं तेच आपलं होणार, आणि वर बांधकाम ठप्प होऊन घरांचे भाव पडणार. म्हणजे शहर सगळं गिळणार पण वाढणार मात्र नाही, दोन्ही एकाच मेसेजमध्ये! आणि लोक खाली हात जोडून पुढे ढकलतायत.

"न विचारता" पासून सुरू करू. फ्लोरिडाच्या कायद्यात (चॅप्टर १७१) ऐच्छिक हद्दवाढ म्हणजे जमिनीच्या मालकाने स्वतः सिटीकडे अर्ज करायचा, मालक अनेक असतील तर सगळ्यांच्या सह्या लागतात, एकाची जरी राहिली तरी अर्ज बाद. जमीन सिटीच्या हद्दीला चिकटलेली हवी आणि मध्ये सिटीने वेढलेलं काउंटीच्या जमिनीचं बेट तयार होता कामा नये. तुम्ही सही केली नाही तर या वाटेने तुमचं घर आत जातच नाही. न मागता ओढायची वाट वेगळी आहे आणि तिथे त्या भागातल्या मतदारांचं मतदान घ्यावं लागतं. अपवाद आहे, चारी बाजूंनी सिटीने वेढलेला ११० एकरपर्यंतचा तुकडा काउंटी आणि सिटी आपसात करार करून आत घेऊ शकतात. पण ते २०२४ च्या आधीपासून आहे, त्या मतदानाचा याच्याशी काही संबंध नाही.

मग मतदान कशावर होतं? इथे मेसेजवाल्याने गोष्ट अक्षरशः उलटी टांगलीये. मतदारांनी सिटीला जास्त अधिकार दिले नाहीत, सिटीच्या वाटेत गेट बसवलं. ग्रामीण पट्ट्यातली जमीन सिटीत घ्यायची असेल तर आता मालक आणि सिटी दोघं राजी असून भागत नाही, काउंटी बोर्डाची मंजुरी लागते आणि तीही बहुमत अधिक एक. मतदानाच्या वेळचं बोर्ड काउंटीचा मेयर धरून सात जणांचं, म्हणजे पाच मतं. राज्याच्याच कायद्यात तरतूद आहे की चार्टर (स्वतःची सनद) असलेली काउंटी लोकांकडून मंजूर करून घेऊन ऐच्छिक हद्दवाढीची स्वतःची पद्धत ठरवू शकते, तेच इथे झालं.

आणि हे का सुचलं ते बघा. एखादा घरमालक अर्ज करतो त्याने कुणाचं काय बिघडणार? पण मालक म्हणजे हजारो एकरांची रँच असेल तर सही एकच लागते. शेजारच्या वस्तीला मत नाही, काउंटीला सर्टिफाइड मेलने एक नोटीस येते, सिटी कौन्सिल ऑर्डिनन्स पास करतं, झालं. नंतर सिटीने आपल्या प्लॅनमध्ये ती जमीन बसवली की काउंटीचे घनतेचे (एकरी किती घरं) नियम तिथे लागू राहत नाहीत. म्हणजे ज्या सरकारचे नियम सोयीचे त्या सरकारच्या हद्दीत जाऊन बसायचं. त्याच वर्षी ऑरलँडो सिटीने डेझरेट रँचची, म्हणजे मॉर्मन चर्चची, सुमारे ५२,००० एकर जमीन आत घ्यायचा प्रस्ताव काढला होता. ५२ हजार एकर म्हणजे साधारण २१० चौरस किलोमीटर, पुणे महापालिकेच्या आजच्या हद्दीच्या चाळीस टक्के, आणि मालक एकच, चर्च! काउंटीच्या लोकांना धडकी भरली ती याची, तुमच्या तीन बेडरूमच्या घराची नाही.

पुण्याची तुलना तर कानामागून आली आणि तिखट झाली. २०१७ ला ११ गावं आणि २०२१ ला २३ गावं महापालिकेत गेली ती राज्य सरकारच्या अधिसूचनेने, हरकती-सूचना मागवल्या पण मतदान कुणाचंच नाही, ना गावाचं ना शहराचं. मग टॅक्सची बिलं आली आणि बोंबाबोंब झाली, शेवटी फुरसुंगी आणि उरुळी देवाची बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करावी लागली. ऑरेंज काउंटीत मालकाचा अर्ज आधी लागतो आणि आता वर बोर्डाची बहुमत अधिक एक अशी मंजुरी. या दोन गोष्टी एका वाक्यात घालायला बरंच धाडस लागतं.

टॅक्स. सिटीत गेलात तर सिटीचा मिलेज लागतो हे खरं, ऑरलँडोचा ६.६५ आहे, म्हणजे करपात्र किमतीच्या दर हजार डॉलरला ६ डॉलर ६५ सेंट. पण त्याच वेळी काउंटी तुमच्याकडून शेरीफ (पोलीस) आणि फायरसाठी जे वेगळे कर, एमएसटीयू, घेत असते ते जातात, आणि ते मिळून चारच्या वर आहेत. फरक उरतो दर हजारी दोन-अडीच डॉलर. कमी नाहीये, पण डबलही नाहीये, कारण बिलातला शाळांचा आणि काउंटीचा जनरल भाग जागेवरच राहतो. होमस्टेड (स्वतः राहत्या घराची सवलत) असेल तर टॅक्ससाठी धरलेली किंमत वर्षाला जास्तीत जास्त ३ टक्के वाढायची मर्यादाही तशीच.

शाळा: फ्लोरिडात अख्खी काउंटी एक स्कूल डिस्ट्रिक्ट, सिटीत गेलात तरी डिस्ट्रिक्ट तेच. पुढे.

घरांचे भाव पडतील म्हणे. ग्रामीण पट्ट्यात घनता वाढवणं अवघड केलं तर नवीन घरं कमी येतील, आणि घरं कमी आली की आहेत त्यांचे भाव पडतात हे कुठल्या बाजारात बघितलं? शिवाय २०२५ मध्ये राज्याने एसबी १८० नावाचा कायदा आणला, वादळाचा फटका बसलेल्या काउंट्यांना ऑक्टोबर २०२७ पर्यंत जास्त कडक प्लॅनिंग नियम करायला बंदी. टॅलाहासीने (राज्याच्या राजधानीने) काउंटीचेच हात बांधलेत आणि आपण बांधकाम ठप्प म्हणून रडतोय.

या नियमाला विरोध करायचा तर खरा मुद्दा आहे की, तो मेसेजमध्ये नाही एवढंच. जमीन माझी, सिटीला हवी, सिटी पाणी-सिवर द्यायला तयार, तरी सातांच्या बोर्डात तीन जण अडून बसले की सगळं थांबतं. छोट्या शेतकऱ्यालाही तोच नियम आणि चर्चच्या रँचलाही तोच. मला हे खटकतं. यावर भांडा, मी पण येतो.

आणि ज्यांना खरंच भीती आहे त्यांनी आधी आपण राहतो कुठे ते बघा. हंटर्स क्रीक, डॉक्टर फिलिप्सवाल्यांच्या पत्त्यात ऑरलँडो आहे म्हणून ते सिटीत आहेत असं त्यांना वाटतं, नाहीयेत, ते थेट काउंटीखाली. लेक नोना सिटीत आहे, पण ती जमीन १९९० च्या दशकात सिटीत गेली आणि वस्ती नंतर वाढली. ऑगस्टमध्ये ट्रिम नोटीस (येणाऱ्या प्रॉपर्टी टॅक्सची आगाऊ सूचना) येते ना, त्यात टॅक्स घेणाऱ्यांची यादी असते, सिटीची ओळ आहे का बघा. अन् घर घेताना सिटीच्या पाण्यासाठी बिल्डरने हद्दवाढीचा करार करून ठेवलाय का तेही क्लोजिंगच्या (खरेदी पुरी होतानाच्या) कागदांत शोधा, कारण आधीच्या मालकाने तशी सही केली असेल तर ती तुमच्याही गळ्यात येऊ शकते.