डबल मार्कर पॉझिटिव्ह म्हणजे बाळात दोष? नाही हो

आमच्या भांडुपच्या लेडीज ग्रुपवर आठ दिवस एक मेसेज फिरतोय, की डबल मार्कर (गरोदरपणात आईच्या रक्तातून बाळाला डाऊन सिंड्रोमसारखा दोष असण्याची शक्यता बघायची टेस्ट) पॉझिटिव्ह आली म्हणजे बाळात दोष असणारच, पस्तिशीच्या आत ती करायचीच नाही, नुसती सोनोग्राफी पुरते, आणि तपासायला बाळाभोवतीचं पाणी काढलं की गर्भ पडतोच. ग्रुपवर दोघीतिघींना तिसरा महिना चालू आहे म्हणून लिहितेय.

पहिलं म्हणजे तो 'पॉझिटिव्ह'. माझ्या धाकट्या बहिणीच्या रिपोर्टवर लाल अक्षरात हाय रिस्क, पुढे १:१८०, ती लॅबच्या जिन्यातच रडत बसली. मी तिथेच त्या आकड्यावर बोट ठेवून म्हटलं, अगं, असा रिपोर्ट आलेल्या १८० जणींत एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम, म्हणजे गुणसूत्रांचा जन्मजात दोष, असतो, १७९ जणींच्या नसतो. बऱ्याच लॅब १:२५० ला रेघ मारतात, शक्यता त्याहून जास्त आली की लाल. ही चाळणी आहे, निदान नाही. एनआयपीटी ही आईच्या रक्तातला डीएनए बघणारी टेस्टसुद्धा चाळणीच, कारण तो डीएनए मुळात वारेचा असतो, थेट बाळाचा नाही.

पस्तिशीचं म्हणाल तर पंचविशीत डाऊन सिंड्रोमची रिस्क साधारण १२५० त एक, पस्तिशीत ३५० त एक, चाळिशीत १०० त एक, कमी आहे म्हणजे नाही असं नाही, आणि आपल्याकडे बाळंतपणं पस्तिशीच्या आतच जास्त होतात.

आणि नुसती सोनोग्राफी? नुसत्या एनटी स्कॅनमध्ये, म्हणजे बाळाच्या मानेमागचं पाणी मोजणाऱ्या सोनोग्राफीत, डाऊन सिंड्रोमच्या दहातल्या साधारण तीन केसेस नजरेतून सुटतात, डबल मार्करची रक्ताची टेस्ट जोडली की एखाददुसरी.

आता पाणी काढणं, म्हणजे अॅम्निओ, ही पक्कं निदान करणारी टेस्ट. आईच्या पिढीची भीती मला कळते, ऐंशीच्या दशकात मुंबईत हीच टेस्ट मुलगी आहे का बघायला वापरली, किती पोरी गेल्या त्यात, म्हणून महाराष्ट्राने १९८८ ला कायदा केला आणि १९९४ ला देशाचा आला. लिंग सांगणं आज गुन्हा आहे. पण अॅम्निओ पंधराव्या आठवड्यानंतर, सोनोग्राफीत बघत बघत बारीक सुईने करतात, त्याने गर्भ जाण्याची शक्यता २०० त एकाहूनही कमी. बहिणीने केली, रिपोर्ट नॉर्मल आला.

टेस्ट करायची की नाही हे जिचं तिने ठरवावं, पण मेसेज वाचून घरी बसू नका, एनटीचं माप ११ ते १३ आठवडे ६ दिवस एवढ्यातच घेतात, तारीख मोजून आजच अपॉइंटमेंट घ्या.