बरडावरचा गोल्फ जुगार कसा?

आमच्या यवतमाळकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. निमित्त एवढंच, की गावाबाहेरच्या बरडावर सहा होल (चेंडू ज्यात घालायचा ते खड्डे) करून गोल्फ खेळावा, असं काही पोरांच्या मनात आलं. मजकुराचं म्हणणं असं: गोल्फला मखमली, सपाट मैदान लागतं; खाचखळग्यांत चेंडू कुठंही उडतो, म्हणून तो खेळ नव्हे, जुगार; पाण्याशिवाय गोल्फ नाही; आणि अठरा होल नसतील तर त्याला गोल्फ म्हणूच नये.

आधी सपाटीचं बघू. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सला, म्हणजे तिथल्या जुन्या मैदानाला, गोल्फचं माहेर मानतात. तो कुणा एकानं कागदावर आखलेला नाही. समुद्रकाठची वाळवट, उंचसखल जमीन, तिच्यावर लोक शतकानुशतकं खेळत आले आणि कोर्स घडत गेला. तिथं शंभरावर बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, आहेत, त्यातले कित्येक चेंडू मारताना दिसतही नाहीत. सात ग्रीन, म्हणजे होलभोवतीचे गुळगुळीत पट्टे, तर प्रत्येकी दोन होलांत सामाईक आहेत. जाणारे आणि येणारे एकाच ग्रीनवर भेटतात. आजच्या कुठल्या इंजिनिअरनं असा नकाशा आणला तर आपण त्याला घरी पाठवू.

आता जुगार. मजकुरातला खरा मुद्दा हाच आहे.

1921 साली बॉबी जोन्स हा एकोणीस वर्षांचा अमेरिकन पोरगा याच कोर्सवर ओपन ही ब्रिटनमधली मोठी स्पर्धा खेळायला आला. तिसऱ्या फेरीत अकराव्या होलच्या बंकरमध्ये असा फसला, की वैतागून त्यानं स्पर्धाच सोडली. पुढं 1927 ची ओपन त्यानं तिथंच जिंकली, 1930 ची ब्रिटिश अमॅच्युअर ही हौशी खेळाडूंची स्पर्धाही तिथंच. मैदान तेच, टेकाडं तीच. जुगार असता तर सहा वर्षांत तो काय शिकला? शिकला ते हे, की चेंडू झेंड्याकडं न मारता कधी बाजूच्या उतारावर टाकायचा आणि पुढचं काम उताराला करू द्यायचं. सपाटीवर अंतर आणि दिशा जमली की झालं. उंचवट्यांवर तीन-चार वाटा असतात आणि त्यातली एक निवडावी लागते. पुढं याच जोन्सनं अॅलिस्टर मॅकेन्झी या मैदानं आखणाऱ्याला घेऊन अमेरिकेतला ऑगस्टाचा कोर्स उभारला. टीव्हीवरची ती मखमल आपल्याला दिसते, पण खालचे चढउतार कॅमेऱ्यात धड येत नाहीत.

आपल्याकडचंच बघा ना. सोयाबीन निघालेल्या वावरात टेनिस बॉलचे सामने होतात, चेंडू ढेकळावरून कसाही उठतो, तरी दरवर्षी धावा त्याच चार पोरांच्या निघतात.

एक मात्र खरं. उतार वाचता येतो, सुटा दगड वाचता येत नाही. मुरमाच्या गोट्यावर आपटून चेंडू नाल्यात गेला तर ते निव्वळ नशीब. म्हणून होलच्या आसपासचे दगड वेचायचे, टेकाडं तशीच ठेवायची. आणि काळ्या मातीत हा उद्योग करूच नये. उन्हाळ्यात तिला पडणाऱ्या भेगांत चेंडू गेला की गेला.

पाण्याबद्दल फार लिहीत नाही. ऑस्ट्रेलियातल्या कूबर पेडी या ओपलच्या खाणींच्या गावातला कोर्स बिनगवताचा आहे. खेळाडू हिरवळीचा छोटा तुकडा सोबत नेतात आणि त्यावर चेंडू ठेवून मारतात. ग्रीनच्या जागी तेल मुरवलेली वाळू असते. आपण तेल टाकू नये, चाळलेली वाळू फळीनं सारखी केली तरी भागतं. पावसाळ्यात वाढलेलं गवत गुरं खातील, दिवाळीनंतर खेळ सुरू होईल. गुरांना हाकलायचीही गरज नाही. स्कॉटलंडमधल्या ब्रोराच्या कोर्सवर वर्षानुवर्षं मेंढ्या नि गुरं चरत आली, फक्त ग्रीनभोवती विजेची तार असायची. गायरानाला कुंपण घालून गुरं अडवणार असाल तर मात्र मी विरोधात आहे.

राहिला अठराचा आकडा. सेंट अँड्र्यूजची फेरी 1764 पर्यंत बावीस होलांची होती. 1860 ची पहिली ओपन प्रेस्टविकला झाली, तिथं होल होते बारा. आठ खेळाडूंनी त्याच बारांच्या तीन फेऱ्या मारल्या. मग बरडावरच्या सहांच्या तीन फेऱ्या मारा, अठरा भरतात.

चेंडू मारायच्या काठ्या महाग असतात, हे मजकुरात कुठंच नाही. खरी अडचण ती आहे, आणि तिच्यावर माझ्याकडंही उत्तर नाही. जुन्या वापरलेल्या दोन-तीन काठ्या सगळ्यांत मिळून घ्याव्यात, एवढंच सुचतं.