झुंबर, जिप्सम बोर्ड आणि ताईने पाठवलेला व्हिडिओ

ताईने व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, "बघ रे, किती सोपं आहे. तुम्ही लोक उगाच स्लॅब फोडत बसता." तुम्ही लोक म्हणजे मी. इंटिरिअरची कामं करतो, एवढाच माझा गुन्हा. तिने नव्या घरासाठी पितळी झुंबर घेतलंय, आठ दिव्यांचं, काचेचे लोलक लावलेलं. खोक्यावर वजन छापलंय १६ किलो. टांगायचंय डायनिंग टेबलाच्या वर, म्हणजे भाचे जिथे जेवायला बसतात तिथे. तोच व्हिडिओ नंतर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आला, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

व्हिडिओ अमेरिकेतल्या कुणा गृहस्थाचा आहे, वर मराठी आवाज चिकटवलाय. त्यात म्हटलंय ते असं: फॉल्स सिलिंगच्या जिप्सम बोर्डाला भोक पाडून बटरफ्लाय फास्टनर (भोकातून आत गेल्यावर पंख उघडून बोर्डावर टेकणारा बोल्ट) घातला की २५ किलोपर्यंतचं झुंबर आरामात राहतं. स्लॅबला ड्रिल मारू नका, स्लॅब कमकुवत होतो आणि गळतो. फारच भीती वाटत असेल तर बोर्डाच्या वर प्लायवूडचा तुकडा ठेवा. टांगल्यावर हाताने ओढून बघा, तेव्हा पडलं नाही तर कधीच पडणार नाही. आणि जाता जाता शेवटी, फॅनलाही हीच पद्धत चालते.

स्लॅबपासूनच सुरुवात करू, कारण मला खरा राग त्याचा आहे. स्लॅबला भोक नको म्हणून झुंबर फॉल्स सिलिंगला टांगायचं. बरं, मग ते फॉल्स सिलिंग कशाला टांगलंय? हवेत तर नाही ना तरंगत? काम चालू असताना कधी तरी मान वर करून बघा. कारागीर आधी स्लॅबला ड्रिल मारतो, त्यात अँकर फास्टनर (काँक्रीटमध्ये फुलून घट्ट बसणारा धातूचा बोल्ट) ठोकतो, त्याला क्लीट म्हणजे लोखंडी कोन, क्लीटला पट्टी, पट्टीला चॅनेल, चॅनेलला आडवे सेक्शन म्हणजे पत्र्याच्या पट्ट्या आणि सगळ्यात शेवटी सेक्शनला खालून बोर्ड. बारा बाय पंधराच्या हॉलमध्ये अशी पंधरा-वीस भोकं स्लॅबला आधीच पडलेली असतात. त्या वीस भोकांनी स्लॅबला काही झालं नाही, एकविसाव्याने मात्र इमारत खचणार! आपल्याकडे फ्लॅटचा स्लॅब साधारण पाच-सहा इंच जाड असतो आणि फास्टनरचं भोक जातं पाच-सहा सेंटिमीटर. वरच्या गच्चीचं पाणी त्यातून गळायला लागलं, तर दोष वॉटरप्रूफिंगचा, ड्रिलचा नव्हे.

इथे एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. स्लॅबला कुठेही डोळे झाकून ड्रिल मारू नये, हे खरं आहे. स्लॅबच्या पोटातून वायरिंगचे पाइप गेलेले असतात आणि लाइट पॉइंटच्या आसपास तर हमखास. शिवाय हल्लीच्या काही टॉवरमध्ये पोस्ट-टेन्शन स्लॅब असतात, आत ताणलेल्या पोलादी केबल. तिथे बिल्डरला किंवा सोसायटीच्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय ड्रिल हातातसुद्धा घ्यायचं नाही. पण हे व्हिडिओवाल्याला माहीत होतं म्हणून तो तसं बोलला, असं मला वाटत नाही.

आता २५ किलो. साडेबारा मिलिमीटरचा सहा बाय चार फुटांचा एक अख्खा बोर्ड घ्या, त्याचं स्वतःचंच वजन साधारण १८ ते २० किलो भरतं. तेवढं पेलायला कारागीर पंचवीस-तीस स्क्रू मारतो. व्हिडिओ सांगतो, आणखी तेवढंच किंवा त्याहून जास्त वजन एकाच भोकावर सोडा. बोर्ड म्हणजे दोन कागदांच्या मधे दाबलेलं जिप्सम. फास्टनर स्वतः पोलादी आहे, तो तुटत नाही. त्याचे पंख बोर्डात रुततात, वरचा कागद फाटतो आणि भोक मोठं होत जातं. फास्टनरने दम धरला तरी भार जातो बोर्डाच्या स्क्रूंवर, आणि त्या स्क्रूंची डोकी बोर्डाला खालून फक्त कागदावर धरून असतात. पावसाळ्याची दमट हवा किंवा एसीचं झिरपलेलं पाणी बोर्डाला लागलं की विचारूच नका.

गेल्या पावसाळ्यात एका फ्लॅटमध्ये दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो. तिथलं झुंबर असंच कुणी तरी बटरफ्लायवर लटकवलेलं. सिलिंगचं भोक झाकणारी वरची पितळी वाटी आणि सिलिंग यांच्यात रुपयाचं नाणं सरकेल एवढी फट होती, आणि रंगाला वाटीभोवती गोल तडा. झुंबर धरून वाटी खाली सरकवली तर मनगटावर पांढरी भुकटी पडली. वर पंखांच्या दोन्ही टोकांनी बोर्डात खाचा पाडल्या होत्या. घरच्यांचं म्हणणं, "लावलं तेव्हा ओढून बघितलं होतं." तेव्हा हाताने ओढून बघण्याच्या परीक्षेबद्दल वेगळं काय लिहू? वजन रात्रंदिवस ओढत असतं, आपण ओढतो पाच सेकंद.

फास्टनरच्या पाकिटावर मोठा आकडा असतो, हे खरं. तो बहुतेक वेळा नव्या कोरड्या बोर्डावर, मोडेपर्यंत ओढून काढलेला असतो, आणि वापरताना त्याच्या पाव हिश्शाच्या वर जाऊ नये असं बनवणारेच सांगतात. पाकिटावरचे २५ किलो तसे असतील तर हाती राहिले सहा. शिवाय आकडा भिंतीचा की छताचा तेही बघा. व्हिडिओचा निम्मा भाग भिंतीवर शेल्फ लावण्यात गेलाय. भिंतीवर वजन बोर्डाला समांतर खाली जातं, छतावर ते फास्टनरला सरळ उपटायला बघतं.

आणि अमेरिकेचंच म्हणाल तर तिथला नॅशनल इलेक्ट्रिकल कोड, म्हणजे एनएफपीए ७०, त्यातलं कलम ३१४.२७ वाचा. छतातल्या दिव्याच्या पॉइंटची पेटी किमान ५० पौंड, म्हणजे २३ किलो, पेलणारी हवी. दिवा त्याहून जड असेल तर त्याला पेटीपासून वेगळा, स्वतंत्र आधार द्यायचा, नाही तर पेटीच तेवढ्या वजनासाठी प्रमाणित हवी. ती पेटी तिथे लाकडी जॉइस्टला, म्हणजे छताच्या आडव्या वाशाला, किंवा दोन जॉइस्टच्या मधे अडकवलेल्या लोखंडी ब्रेसला पक्की करतात. या सगळ्या हिशेबात बोर्ड कुठेच नाही, तो फक्त झाकायला. फॅनसाठी त्याच कलमात वेगळी अट आहे: फॅनसाठीच प्रमाणित केलेली पेटी हवी, आणि फॅन ३५ पौंडांच्या वर असेल तर पेटी किती पेलते ते तिच्यावर लिहिलेलं हवं. म्हणजे ज्या देशातून व्हिडिओ आला, तिथला नियमच व्हिडिओच्या विरुद्ध आहे.

फॅनचं तर नावच काढू नका. वजन झुंबरापेक्षा कमी असेल, पण तो हलतो, थरथरतो, आणि भोक रोज थोडं थोडं कुरतडतो.

प्लायवूड: नुसतं बोर्डावर ठेवलेलं प्लाय भार थोडा पसरवतं, पण बोर्ड शेवटी त्याच स्क्रूंवर. प्लाय सेक्शनला स्क्रूने बांधलं तर किलो-दीड किलोच्या लटकत्या दिव्याला चालतं. मीही तसं करतो. १६ किलोला नाही.

ताईच्या घरी काय करणार ते सांगतो. डायनिंगच्या वर स्लॅबमध्ये फॅनचा हूक आहे, फॉल्स सिलिंग करताना झाकला गेलाय. तिथे बोर्डाला गोल भोक घेऊन हूक गंजला नाही ना, आजूबाजूचं काँक्रीट फुगलं नाही ना, हे बघायचं, आणि झुंबराची साखळी थेट त्यात अडकवायची. पितळी वाटी भोक झाकते. वायर साखळीतून सैल सोडायची, तिच्यावर एक ग्रॅमही ओढ नको, नाही तर कनेक्टरमधून तांब्याच्या तारा सुटतात आणि ठिणग्या उडतात. हूक नसता तर पाइप आणि केबल कुठे आहेत ते बघून स्लॅबला धातूचे अँकर फास्टनर मारले असते. प्लास्टिकचे रावल प्लग नाहीत. ज्यांचं सिलिंग अजून व्हायचंय, त्यांनी बोर्ड चढण्याआधी वरचे फोटो काढून ठेवा आणि झुंबराची जागा कारागिराला तेव्हाच दाखवा.

आणि ज्यांनी व्हिडिओ बघून आधीच टांगलंय, त्यांनी एमसीबी पाडा, खालचं टेबल सरकवा आणि दोघांनी मिळून झुंबर उतरवून घ्या. बोर्डाचं भोक जॉइंटिंग कंपाउंड आणि टेप लावून बुजतं, वरून रंगाचा हात दिला की झालं.