जुन्या बँडने नवा अल्बम काढायचाच कशाला?

जुन्या बँडचा गायक स्टेजवरून म्हणाला, ‘आता नव्या अल्बममधलं एक गाणं’, की लोक बाथरूमला पळतात, हा विनोद तुम्हीही ऐकला असेल. मीही त्यावर भरपूर हसलोय. हल्ली मात्र मला तेच गाणं ऐकायचं असतं.

एकेकाळी बँडला अल्बम काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पैसा रेकॉर्डमध्ये होता, दौरे त्या खपवण्यासाठी. बीटल्सनी पहिल्या अल्बमची दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात उरकली होती, आणि १९७० मध्ये बँडच आटोपला! आता गणित उलटलंय. पोट दौऱ्यांवर भरतं. रोलिंग स्टोन्सनी २००५ नंतर स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम काढला तो थेट २०२३ मध्ये. मधल्या १८ वर्षांत तिकिटांचं काही अडलं नाही. म्हणूनच म्हातारपणी कुणी स्टुडिओत जाऊन बसतं, तेव्हा मला वाटतं, याला खरंच काहीतरी वाजवायचंय.

त्या २०२३ च्या अल्बममध्ये दोन गाण्यांवर ड्रमर चार्ली वॉट्स आहे. तो २०२१ मध्येच वारला, हे वाजवणं त्याआधीचं. त्यातलं ‘लिव्ह बाय द सोर्ड’ हेडफोन लावून ऐका. स्नेअरवर, म्हणजे समोरच्या खणखणीत ड्रमवर, ठोका देताना हाय-हॅटवरचा, म्हणजे जोडझांजेवरचा, हात उचलायची त्याची जुनी सवय. त्यामुळे स्नेअर एकटा, मोकळा वाजतो. बाकीच्या बहुतेक गाण्यांवर स्टीव्ह जॉर्डन आहे. उत्तम वाजवतो, पण फरक कळतो. मला तरी कळतो.

बँड टिकतात कशावर? दोस्ती वगैरे ठीक आहे, पण भाऊबंदकी सुरू होते ती गाण्याखाली नाव कुणाचं यावरून, कारण रॉयल्टी त्या नावाला मिळते. आर.ई.एम. या अमेरिकन बँडनं गाणं कुणीही आणलेलं असो, चौघांची नावं लावली. ड्रमर बिल बेरी १९९७ मध्ये बाहेर पडला, तरी उरलेले तिघे २०११ पर्यंत अल्बम काढत राहिले आणि मग न भांडता थांबले. यू-टूचंही तसंच, गाण्यांचं संगीत सगळ्या बँडच्या नावावर. नाव वाटून घेतलं की बँड टिकतो, हा सिद्धांत स्टोन्सनी मात्र पार धुळीला मिळवलाय. तिथे बहुतेक सगळं गायक जॅगर आणि गिटारवाला रिचर्ड्स या दोघांच्या नावावर, आणि तरी १९६२ पासून दुकान चालू! असो.

माझ्या मते अशा उशिराच्या अल्बमांत सगळ्यात भारी ‘द क्युअर’चा, २०२४ मधला. १६ वर्षांनी आला आणि गाणी जेमतेम आठ. पहिल्याच गाण्यात गायक रॉबर्ट स्मिथ तोंड उघडेपर्यंत तीन मिनिटं उलटून गेलेली असतात. घाई नाही, कुणाला खूश करायचं नाही. बाथरूमला जायचंच असेल तर तेवढ्यात जाऊन या.