खुलासा: सांडपाणी अडवले की तलाव लगेच निवळतो का?
अंबाझरी किंवा गांधीसागरात येणारे सांडपाणी अडवले की एका पावसाळ्यातच पाण्याचा हिरवेपणा जाईल, असा संदेश नागपुरात फिरत आहे. सांडपाणी अडवायलाच हवे; निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. सांडपाण्यातून येऊन गाळात साठलेला फॉस्फरस, म्हणजे पाणी हिरवे करणाऱ्या शेवाळाचे खाद्य, प्राणवायू असेपर्यंत लोहाच्या तांबूस संयुगांना चिकटून राहतो. उन्हाळ्यात तळाशी प्राणवायू संपला की ते लोह विरघळते आणि सुटलेला फॉस्फरस फॉस्फेटच्या रूपात पाण्यात येऊन शेवाळाला पोसते. सडक्या अंड्यासारखा वास मारणाऱ्या काळ्या गाळात तर लोह गंधकाशीच बांधले जाते, त्यामुळे फॉस्फरस धरून ठेवायला ते फारसे उरत नाही. प्राणवायू संपला की गाळातून फॉस्फरस सुटतो, हे तलाव-शास्त्रज्ञ मॉर्टिमर यांनी इंग्लंडमधील तलावांवरून १९४१-४२ मध्येच दाखवले होते. बाहेरची आवक थांबल्यावरही गाळातून होणारी ही आतली आवक अनेक तलावांत दहा-पंधरा वर्षे टिकलेली आढळते.